आयुधपूजेला बंद न केलेला स्क्रीन

१५ सप्टेंबर

आले बाई एकदाची चेन्नईला! शोळिंगनल्लूरला खोली मिळाली. खिडकीतून खारं वारं येतं, खालीच एक इडलीवाली बसते. आईला फोनवर सगळं रंगवून सांगितलं. तिला काळजी एकच, मी जेवले की नाही.

कारखाना रंगाचा. माझं काम, कंट्रोल रूममधले जुने धुळकट कॉम्प्युटर काढून ऑपरेटरांच्या टेबलांवर थिन क्लायंट बसवायचे. तळहाताएवढा डबा. पंखा नाही, डिस्क नाही, आत काहीच नाही. सगळं दूरच्या सर्व्हरवर. डबा बिघडला की फेकायचा, दुसरा जोडायचा, काम जिथं होतं तिथूनच पुढे सुरू. ना धूळ, ना खोळंबा, ना रुसवेफुगवे. माझे साहेब, संजीव, हे सगळं मांडलेल्या माझ्या योजनेच्या कागदावर बेहद्द खूश आहेत.

२२ सप्टेंबर

डबे बसले. ऑपरेटर राममूर्तीमामा तंजावरकडचे मराठी. मी मराठी म्हटल्यावर त्यांचा आनंद गगनात मावेना. रोज त्यांच्या तंजावरी बोलीत विचारतात, जेवण जालं का. मला हसू आवरत नाही. जुन्या अपघातात उजवी तर्जनी गेलेली, म्हणून अलार्मचं बटण अनामिकेनं दाबतात.

आज मामा डब्याला कान लावून बसले होते. पंख्याचा आवाज नाही म्हणून जीव कासावीस. मी म्हटलं, मामा, आत काही नाहीच तर ऐकता काय? जुनं यंत्र काढलं तेव्हा जुना माणूसही काढायला हवा होता, असं मी संजीवना म्हणाले. ते मनसोक्त हसले.

१ ऑक्टोबर

आज आयुधपूजा. इथं या दिवशी हत्यारांना विश्रांती. लेथपासून झाडूपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागलं. मामांना सर्व्हरवर चालू असलेलं आपलं काम, म्हणजे सेशन, बंद करून स्क्रीन झोपवायचा होता. हात जोडून विनवत होते, की आज न निजलेलं आयुध पुढे हात मागत फिरतं.

मला पूजेला आलेल्या पाहुण्यांना प्रयोग दाखवायचा होता. त्यांना लॉग आउट करू दिलं नाही. त्यांच्यासमोरचा डबा उपटला, पलीकडच्या टेबलावर नवा जोडला, आणि मामांचं अर्धं काम तिथं जसंच्या तसं उजळलं. टाळ्या पडल्या. मामा रिकाम्या टेबलाशीच बसून राहिले. हलवलं तेव्हा कळलं, ते गेले होते.

वाईट वाटलं. पण सेशन क्षणभरही तुटलं नाही, ते अहवालात आवर्जून लिहिलं.

६ ऑक्टोबर

मामांचं सेशन बंद केलंच नाही, त्यावरच सुब्बा नावाच्या नव्या ऑपरेटरला बसवलं. मराठीचा गंध नाही त्याला. शिकवावं काहीच लागलं नाही. संजीव म्हणतात, प्रशिक्षणाचा खर्च वाचला.

अलार्म अनामिकेनं दाबतो. तर्जनी मुडपलेली. दुपारी मान वर न करता मला विचारलं, जेवण जालं का.

हसायला गेले. हसू फुटलं नाही.

९ ऑक्टोबर

सुब्बाला खुर्चीतून उठवलं. उभं केलं तसा उभा राहिला. नाव विचारलं, सांगता येईना. बायको न्यायला आली, तर भिंतीकडे बघावं तसा तिच्याकडे बघत होता. ती रडत त्याला हाताला धरून घेऊन गेली.

संजीवना म्हटलं, सर्व्हर बंद करा. त्यांनी माझाच कागद मला वाचून दाखवला — बिघडला की फेकायचा, दुसरा जोडायचा. नवी मुलगी येईपर्यंत त्या खुर्चीत तू बस, म्हणाले.

११ ऑक्टोबर

बसले. बसताच लॉग आउट दाबायला गेले — तर्जनी उचलेना. गार पडली आहे. चावून पाहिली. काही नाही.

१२ ऑक्टोबर

आईचा फोन. जेवलीस का, विचारलं. जेवण जालं, म्हणाले मी. आईनं घाबरून विचारलं, कोण बोलतंय —

१४ ऑक्टोबर

पेन अनामिकेत धरून लिहिते आहे. भीती वाटते, फार. घराचं दार कुठल्या रंगाचं होतं — टाकीचं तापमान मात्र न बघता सांगता येतं. कपाळाला चंदनाचा वास — मी लावलं नाही —

१५ ऑक्टोबर

नवी आली. शरण्या. हसतमुख. माझ्यासारखीच.

संजीव म्हणतात, ऊठ. उठायचं नाही मला. उठले की आत काही — खुर्चीतच लिहिते आहे — तिला सांगायला हवं, बसू नकोस — हात जोडले. तिनं हसून नमस्कार केला —

खांदा धरला त्यांनी. थांबा. आईचं नाव तेवढं लिहून ठेवते, तेवढं तरी — आईचं नाव —