गेटला कडी नको

३० मार्च, पाडवा. सकाळी ८.
संकल्प: गोदावरीनं नातीसाठी केलेलं बाहुलीघर महिन्याच्या आत पुरं करायचं. आतलं सगळं ती करून गेली. चूल, पलंग, नखाएवढ्या उशा. बाहेरचं राहिलं. ऑक्टोबरात ती गेली तेव्हा घरापुढं नुसती फळी होती. अजून हात लावला नाही, कारण व्याख्यानं होती. चाळीस वर्षं भाषणांनी माणसं घडवली. दोन फुटांचं अंगण म्हणजे आठ दिवसांचं काम.

संध्याकाळी ६.
सांगलीहून दीपमालाचा फोन. सात वर्षांत मुलगी माझ्याशी आपणहून बोलली ती दोनदा. एकदा आईच्या तेराव्याला, एकदा आज. जावई पुष्करची बदली हैदराबादला झाली आहे. दोन मेला सकाळी निघणार. बाहुलीघर आहे तसं एसटी पार्सलनं पाठवा, सई विचारते, म्हणाली. मी सांगितलं, अपुरं काम दुसऱ्याच्या हाती देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पुरं करून स्वतः तुमच्या माधवनगरच्या घरी घेऊन येतो. मग 'या' म्हणाली.
एकच शब्द. पण आला.

२ एप्रिल.
सईची यादी व्हॉट्सॲपवर. चौकटीच्या वहीचं पान. 'झाड. झोपाळा. तुळस. विहीर नको, बाहुली पडेल. गेट. गेटला कडी नको. आजी गेटजवळ.' पोर साडेसात वर्षांची आहे, अनुभव कमी. विहीर हवीच, विहिरीशिवाय घर म्हणजे हॉटेल. आणि कडी नसलेलं गेट हे गेटच नव्हे, भोक आहे.

६ एप्रिल.
हिरवळीसाठी स्वयंपाकघरातला घासणीचा चौकोन कापला. चिकटवला. उलटा. आता भांडी घासायला काही नाही. शेजारचे हंबीरराव (सुभेदार, निवृत्त) बघून गेले. म्हणाले, वहिनी हे दुपारच्या चहाच्या आत करायच्या. मी सांगितलं, ती भावनेनं करायची, मी नियोजनानं करतो.

१० एप्रिल.
कराडला व्याख्यान: 'उघडं दार आणि आजची स्त्री'. तयारीत तीन दिवस गेले, अंगण राहिलं. सभागृह भरलं होतं. 'जे घर मुलीला दार उघडत नाही ते घर नव्हे, गोदाम आहे!' या वाक्याला टाळ्या. शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, तुमच्या घरी मुलगी आहे का. मी वीस मिनिटं उत्तर दिलं. उत्तर संपलं तेव्हा बाई गेलेल्या होत्या. एसटी चुकायची असेल.

१६ एप्रिल.
कंपाउंड पुरं. आइस्क्रीमच्या काड्या, ब्याण्णव. इंच-सेंटिमीटरचा हिशेब चुकला, म्हणून भिंत बाहुलीच्या डोक्यावर चार बोटं गेली. भक्कम दिसते. गेटला पितळेची खरी कडी, दागिन्यांच्या डबीची. आतून बसवली, बाहेरून बसेना.
हंबीरराव म्हणाले, "तात्या, आत बाईमाणसं हायत का कैदी?"
सैन्यातल्या माणसाला सौंदर्यदृष्टी कमी.

२० एप्रिल.
गोदावरीच्या शिवणाच्या डब्यात एक कापडी म्हातारी सापडली. अंगठ्याएवढी. एका हातात तांब्या शिवलेला, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. ही सईच्या यादीतली आजी. पण अशी बाई गेटजवळ उभी केली तर वॉचमन वाटेल. तांब्या तुळशीसाठी असणार आणि तुकडा चिमण्यांसाठी. बाहुलीघराच्या स्वयंपाकघरात बसवली.
हंबीररावांना दाखवली. ते म्हातारीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी वहिनींच्या हातात हेच व्हतं की, तात्या."
आणि चहा न घेता गेले.

२१ एप्रिल.
रात्री झोप नाही. गैरसमज पसरण्याआधी सत्य लिहून ठेवतो.
दीपमालानं आधी लग्न केलं, मग कळवलं. माझा विरोध लग्नाला नव्हता, पद्धतीला होता. दीड वर्षानं ती सहा महिन्यांची सई कडेवर घेऊन गेटपाशी आली. मी पायरीवरून म्हणालो, "थांब तिथंच." गोदावरी भाकरतुकडा आणायला आत धावली. लेक पहिल्यांदा पोर घेऊन येते तेव्हा ओवाळल्याशिवाय घरात घेत नाहीत, थांब असंच म्हणतात. गोदावरी बाहेर आली तेव्हा दीपमाला गेलेली होती आणि गेटला कडी होती. कडी मी लावली हे खरं. गल्लीत कुत्री फार होती. पण मी 'थांब' म्हणालो होतो, 'जा' नव्हे. शब्द नीट ऐकायला नकोत?
तो तुकडा गोदावरीनं काय केला, विचारायचं राहिलं.

२७ एप्रिल.
आज जायचं ठरलं होतं. झोपाळा तुटला. झाड आडवं पडलं, ते तसंच चिकटवलं. वादळानंतरचं म्हणता येईल. विहीर उत्तम झाली आहे. एक तारखेला नक्की. महाराष्ट्र दिनाचं औचित्यही साधेल.

१ मे. सकाळी ६, सातारा स्टँड.
बाहुलीघर शेजारच्या सीटवर. दीपमालाला काय बोलायचं त्याचे मुद्दे काढले आहेत. नऊ. 'माफी' हा शब्द सातव्यात येतो, ओघात.

दुपारी १२, सांगली स्टँड.
अपमान.
दार दीपमालानंच उघडलं. केस पिकलेत तिचे. मागं खोकी बांधलेली. मी पहिला मुद्दा सुरू करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा तिथंच, तात्या." आणि दार लोटून आत गेली.
चार मिनिटं उभा राहिलो, घड्याळ लावून. शेजारच्या बाई जिन्यातून बघत होत्या. चाळीस वर्षं ज्यानं सभा जिंकल्या त्याला पायपुसण्यावर उभं करायचं! सात वर्षं मनात धरून सूड घेतला. बाहुलीघर दाराशी ठेवलं, रिक्षा केली. फोन बंद केला आहे. निषेध म्हणून.

२ मे. सकाळी ७.
फोन सुरू केला. दीपमालाचे अकरा मिस्ड कॉल, कालचे. तेवढ्यात सईचाच आला. म्हणाली, आजोबा, तुमचं गेट उघडत नाही, कडी आतून आहे आणि माझं बोट पोचत नाही. मग म्हणाली, "तुम्ही का गेलात? आई भाकरी करत होती. ब्रेड चालत नाही म्हणाली. तांब्या घेऊन खाली रस्त्यापर्यंत आली."
मी विचारलं, मग तुकडा काय केला.
म्हणाली, तसाच आहे, आईनं टाकू दिला नाही.

सकाळी ८.४०.
नऊ मुद्दे फाडले. नवीन लिहिलं. एकच ओळ, माफीचा शब्द पहिला. नऊला त्यांची गाडी निघते. फोन लावला. दीपमालानं उचलला. कागद समोर धरला, अक्षर दिसेना.
म्हणालो, "थांब."
चष्मा घ्यायला आत गेलो. आलो तेव्हा फोन बंद होता. परत लावला, लागत नाही. गाडी लवकरच निघाली असेल. रेंज नसेल.

सकाळी ९.१५.
बाहेर जाऊन गेटला कडी लावून आलो. कुत्री फार झालीत.