आमच्या परकराची बातमी

हार्लो फेरी, ओहायो
३० ऑगस्ट १८६३

प्रिय लविनियाताईस,

तुझ्या धाकट्या केझायाचा प्रेमाचा नमस्कार. आम्ही इथे सगळे बरे आहोत. म्हणजे माझी उजवीकडची दाढ दुखते, कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलंय आणि ऑरिनचा पाय दोन फळ्यांमध्ये बांधलेला आहे, एवढं सोडलं तर बरे आहोत. तुझ्या गुडघ्यांना आता कसं वाटतं? मागे सांगितलेला कापराचा लेप लावतेस की नुसताच बरणीत ठेवला आहेस? भाऊजींना माझा नमस्कार सांग आणि त्यांचा खोकला थंडीच्या आधी गेला पाहिजे म्हणावं.

तुझं पत्र कालच मिळालं. तुमच्या इलिनॉयच्या वर्तमानपत्रात आलंय की ओहायोमधल्या ऑरिन प्रुएट नावाच्या म्हाताऱ्या देशभक्ताला बारा बुरखेधाऱ्यांनी मारलं, आणि तू विचारतेस की हा तुझा नवराच, आपलाच ऑरिन का. होय ताई, आपलाच. पण बारा नाही, एकही नाही, बुरखा तर कुणाच्याच अंगावर नव्हता, आणि म्हातारा म्हणशील तर येत्या नोव्हेंबरात त्यांना सत्तेचाळिसावं लागेल. (या सबंध प्रकरणात ऑरिनना सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर तो 'म्हातारा' शब्द. पायाचं ते विसरलेसुद्धा.) तेव्हा आता बस, चष्मा लाव, आणि काय झालं ते माझ्याकडून ऐक.

आठ जुलैला सकाळी तार आली की दक्षिणेचं विक्सबर्ग पडलं, आपल्या फौजेने घेतलं. आमचा पोरगा लेम त्याच फौजेत, हे तुला ठाऊकच आहे. गावातल्या दोन्ही देवळांच्या घंटा वाजायला लागल्या. एरवी एक वाजली की दुसरी मुद्दाम गप्प बसते. घरोघरी निशाणं लागली, मिरवणूक निघाली, आणि मी नेमके त्याच दिवशी कपडे धुतले होते. दुपारी वारा सुटला आणि माझा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा परकर दोरीवरून उडाला तो थेट माळ्याच्या खिडकीला जाऊन अडकला. ऑरिन शिडी लावून वर चढले. शिडी त्यांनीच केलेली. त्यांचा धंदा पिंपं करायचा, आणि पिंपाच्या फळीला बाक असतो. तसल्याच उरलेल्या फळ्यांच्या त्यांनी पायऱ्या केल्या होत्या. परकर हाताला लागला आणि पायरी मोडली. ते खाली आले ते शेजारच्या व्हिटलोबाईंच्या शेंगांच्या वाफ्यात, आणि तशा अवस्थेतही परकर हातात घट्ट. नेमकी त्याच घटकेला मिरवणूक आमच्या कोपऱ्यावर वळली. तिच्यात आमच्या गावातले दोन्ही संपादक होते, एक पुढच्या टोकाला, दुसरा मागच्या टोकाला, कारण त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही.

तुला या दोघांची ओळख करून द्यायला हवी. एक क्रॅबसाहेब, 'पहारेकरी'चे. ते सरकारपक्षाचे, म्हणजे लढाई शेवटपर्यंत लढा म्हणणारे. दुसरे बीचमसाहेब, 'सत्यवक्ता'चे. ते तहवाले, म्हणजे दक्षिणेशी बोलणी करा आणि पोरांना घरी आणा म्हणणारे. ऑक्टोबरात गव्हर्नरची निवडणूक आहे, त्यामुळे सध्या पाऊस पडला तरी तो कुणाच्या बाजूने पडला हे आम्हाला गुरुवारी 'पहारेकरी'तून आणि शुक्रवारी 'सत्यवक्ता'तून कळतं. (गेल्या महिन्यात आमच्या पाद्र्यांना शिंक आली, तर तिचेही दोन अर्थ निघाले होते.)

गुरुवारी 'पहारेकरी'त आलं, 'राष्ट्रध्वजावर तहवाल्यांचा भ्याड हल्ला. रक्तबंबाळ वृद्धाने निशाण सोडले नाही.' शुक्रवारी 'सत्यवक्ता'त आलं, 'सरकारी जुलमाचा कळस. गरीब कारागिराला संगिनीच्या धाकाने शिडीवर चढवले.' ताई, रक्त म्हणशील तर कोपराला थोडं खरचटलं होतं. संगीन म्हणशील तर त्या दिवशी आमच्या गल्लीतलं सगळ्यात टोकदार हत्यार म्हणजे व्हिटलोबाईंची जीभ, आणि तीही शेंगांपुरतीच चालत होती. पण एकदा छापून आल्यावर गोष्ट वाढायला लागली. पहिल्या आठवड्यात हल्लेखोर पाच होते, दुसऱ्या आठवड्यात बारा, तिसऱ्यात त्यांना बुरखे आले. दुसऱ्या बाजूला एका शिपायाची तुकडी झाली आणि तुकडीला एक क्रूर कप्तान मिळाला. व्हिटलोबाई तर समोर उभ्या होत्या, ऑरिन त्यांच्या पायाशी पडले होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा लोकांना. तर म्हणतात, "अगं, मी पाहिलं खरं. पण छापून वेगळंच आलंय. त्या दिवशी ऊन फार होतं, मला नीट दिसलं नसेल."

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. सकाळी सरकारपक्षाच्या बायका सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पाय घेऊन यायच्या, दुपारी तहवाल्यांच्या बायका पीचचा पाय घेऊन यायच्या, आणि ऑरिन दोन्हीकडे सारखंच निःपक्षपाती लक्ष द्यायचे. (कॉफीच्या नावाखाली भाजलेलं राय धान्य उकळून पिणाऱ्या घरात महिनाभर असं गोडधोड येत राहिलं तर माणूस बिघडणारच.) त्यांच्या कण्हण्याचेही दोन प्रकार झाले होते. पहिल्या मंडळींसमोर ते धीराने कण्हायचे आणि दुसऱ्यांसमोर दीनवाणे. मी म्हटलं, "अहो, खरं सांगून टाका ना." तर म्हणाले, "मी कुठे खोटं बोललो? ते विचारतात, फार दुखतं का. मी म्हणतो, हो." आणि परकराचं मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते? तू समजू शकतेस. देवळात मागच्या बाकांवर बसलेल्या पन्नास पुरुषांना माझ्या परकराचे पट्टे ठाऊक होणं मला काही मानवलं नसतं. म्हणून मी गप्प बसले. चूक झाली, पण बसले.

मग लेमचं पत्र आलं.

त्याच्या छावणीत 'पहारेकरी' पोचतो. त्याने लिहिलं होतं, 'आई, बाबांना पाडणाऱ्यांची नावं कळव. मी इकडे त्यांच्यासाठी लढतो आणि ते तिकडे माझ्या बापाचा पाय मोडतात. रजा मागितली आहे. मिळाली नाही तर तशीच घेईन.' ताई, तशीच म्हणजे पळून. न विचारता छावणी सोडणाऱ्याला लष्कर काय करतं ते तुला सांगायला नको. शेजारच्या तालुक्यातल्या एकाला वसंतात भिंतीपाशी उभं करून गोळी घातली, आणि तोही बापुडा बायकोचं बाळंतपण म्हणून घरी आला होता. मी त्याच दिवशी लेमला सगळं लिहिलं, परकरासकट. बारा दिवसांनी उत्तर आलं. 'आई, मला काळजी वाटू नये म्हणून तू गोष्ट रचतेस, हे कळतं मला. पण बातमी छापून आली आहे.' जन्म दिला मी, दात आले तेव्हा रात्रंदिवस खांद्यावर घेतला मी, आणि विश्वास कुणावर, तर क्रॅबवर.

म्हणजे आता खरं छापून येणं भाग होतं. मी टोपी घातली आणि क्रॅबसाहेबांच्या छापखान्यात गेले. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि फार हळहळले. म्हणाले, "प्रुएटबाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. दुरुस्ती नक्की छापू. नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात का?"

"निवडणूक ऑक्टोबरात आहे ना."

मी म्हटलं, तोवर माझा मुलगा पळून येईल आणि मारला जाईल. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मला वाटलं, आत कुठेतरी माणूस जागा झाला. मग म्हणाले, "असं काही झालंच, तर पहिल्या पानावर घेऊ."

तिथून उठले ती रस्ता ओलांडून बीचमसाहेबांकडे. म्हटलं, तुम्ही तर त्यांचे वैरी, त्यांची बातमी खोटी आहे एवढं तरी छापा. त्यांचे डोळे चमकले. पण संगीनवाला शिपाईही कुणी नव्हता, हेही त्यात येणार म्हटल्यावर चमक गेली. "शिवाय बाई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "आम्ही छापलं की तो परकर होता, तर उद्या क्रॅब लिहील, तहवाले राष्ट्रध्वजाला परकर म्हणतात. मला आग लावतील हो लोक." आणि तुला सांगते, त्यात खोटं काही नव्हतं. गेल्या मार्चमध्ये त्यांच्या खिडक्या फोडल्या होत्याच.

मी त्यांच्या बाकावर बसून राहिले. रडायला आलं होतं, पण संपादकासमोर रडायचं नव्हतं, त्याचीही बातमी झाली असती. समोर त्यांचंच वर्तमानपत्र पडलं होतं. शेवटच्या पानावर जाहिराती. कुणाची कपाळावर पांढरा ठिपका असलेली गाय हरवली होती, कुणाकडे वापरलेला नांगर होता, कुणाला दात नसलेल्यांसाठी पाव विकायचा होता. आणि माझ्या डोक्यात आलं की या सबंध वर्तमानपत्रात एवढंच पान खरं आहे. गाय काळी असताना पांढरी छापली तर सापडणार कशी? मी मागच्या खिडकीशी गेले. तिथे जाहिराती घेणारा एक बहिरट कारकून बसतो. तो अक्षरं मोजतो, अर्थ बघत नाही. मजकूर लिहून दिला. मग परत रस्ता ओलांडून 'पहारेकरी'च्या खिडकीशीही तोच दिला. दोघांकडे छापून आला तो असा:

'कळविण्यात येते की आठ जुलै रोजी ऑरिन प्रुएट यांच्या हाती होते ते निशाण नसून त्यांच्या पत्नीचा परकर होता. तो वाऱ्याने उडून माळ्याच्या खिडकीस अडकला होता. शिडीवर वा शिडीखाली दुसरे कोणी नव्हते. शिडीची पायरी मोडली. शिडी त्यांनी स्वतः केली होती. लेम, घरी येऊ नकोस. तुझी आई.'

ऑरिनना मी आधी वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाले, "शिडीचं घालायलाच हवं का?" मी म्हटलं, हवं. ते म्हणाले, "बरं. घाल." पिंपवाल्याच्या हातची पायरी मोडली हे गावभर होणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

ताई, दोन वर्षांत हे गाव एकत्र हसलं नव्हतं, ते त्या आठवड्यात हसलं. देवळाच्या पायऱ्यांवर सरकारपक्षाचे आणि तहवाले एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मला बघून पुरुषांनी टोप्या काढल्या आणि बायकांनी माझ्या परकराकडे पाहिलं. संपादकांचं विचारशील तर ते काही हरणारे नव्हेत. पुढच्या गुरुवारी क्रॅबने लिहिलं की ज्या घरातले परकरसुद्धा निशाणाच्या रंगाचे, त्या घराची देशभक्ती काय वर्णावी. शुक्रवारी बीचमने लिहिलं की या सरकारच्या राज्यात माणसाला बायकोचा परकर काढायला शिडी लागते. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण वाचायला बरं वाटलं.

आणि परवा लेमचं पत्र आलं. त्यांच्या कप्तानाने जाहिरात सगळ्या तुकडीला उभं करून वाचून दाखवली. नदीकाठच्या तापाने त्यांची निम्मी पोरं आडवी आहेत, त्यांनीही उठून ऐकली. लेम म्हणतो, मी लाजेने मेलो, आणि आता या तोंडाने तिकडे येत नाही. खाली लिहिलंय, 'आई, तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, माफ कर. मोजे पाठव.' मी मोजे विणायला घेतलेत. एक झाला आहे.

असो. पत्र फार लांबलं. भाऊजींना वाचून दाखवताना परकराच्या जागी 'कापड' म्हण.

तुझीच,
केझाया

ता.क. हे मुख्य सांगायचं राहिलंच. ऑरिनना दोन्ही पक्षांनी सभेत बोलायला बोलावलंय आणि त्यांनी दोघांनाही हो म्हटलंय. रोज कुबडीवर उभं राहून आरशासमोर हात हलवतात. तू त्यांना एक गोड पत्र लिहून तुझ्याकडे बोलावून घे आणि ऑक्टोबरची निवडणूक होईपर्यंत सोडू नकोस. खाण्याची फार काळजी नको, सफरचंदाचा पाय आंबट झाला तरी खातात.

ता.क. २. हे मात्र वाचून चुलीत घाल. वारा सुटला नव्हता. त्या सकाळी तारघराच्या खिडकीत विक्सबर्गच्या वेढ्यातल्या मेलेल्यांची आणि जखमींची यादी लागली होती. मी ती तीनदा वाचली, वरून खाली, खालून वर आणि परत वरून खाली. लेमचं नाव नव्हतं. घरी येताना दुकानात निशाण मागितलं तर एकही शिल्लक नव्हतं. घरात लाल-पांढरं तेवढंच होतं, म्हणून मीच माळ्यावर जाऊन चार खिळ्यांनी तो खिडकीबाहेर ठोकला. ऑरिनना दिसला आणि ते घाबरले, कारण निशाणाच्या जागी परकर लावला, हा निशाणाचा अपमान आहे म्हणून क्रॅबची माणसं मला पकडून न्यायची. म्हणून ते तो काढायला चढले. खिळे मी पक्के मारले होते. त्यांनी जोर लावला, कापड एकदम सुटलं आणि ते मागे गेले. शिडीला काहीच झालं नव्हतं. गोष्ट खरी वाटावी म्हणून पायरी मी दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडीने तोडली. त्या माणसाने दोन्ही वर्तमानपत्रांत आपली शिडी वाईट म्हणून छापून घेतली, पण परकर मी ठोकला होता हे कुठे येऊ दिलं नाही. तेव्हा त्यांना बोलावलंस तर चांगलं खायला घाल. आणि तुझ्या ट्रंकेत निळं कापड असेल तर त्यांच्याबरोबर दोन हात लांबीचा तुकडा पाठव. चांदण्या मी इथे कापीन. लेम येईल त्या दिवशी खरंखुरं निशाण लावायचं आहे.