नेवेनाचे अकरा सेकंद

मी, मेतोदी राश्कोव, वय वर्षे बहात्तर, टीव्ही-व्हिडिओ दुरुस्तीचा निवृत्त कारागीर, राहणार गाब्रोवो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण इथल्या कायद्याला टाइप केलेलं चालत नाही. डोकं ठिकाणावर आहे. हात थरथरतो तो साखरेच्या दुखण्याने, कुणाच्या धाकाने नव्हे. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, तरी मी दोन बोलावले आहेत. कायद्याला नको असले तरी मला हवे आहेत.

कलम १. राहतं घर, तळघरासकट, माझी एकुलती एक मुलगी रालित्सा, सध्या मुक्काम परदेशात, ब्रनो, हिला द्यावं. बाल्कनीचं दार पावसात फुगतं. ते खांद्याने ढकलायचं, लाथ मारायची नाही. लाथ मारून मी एकदा काच फोडलेली आहे.

कलम २. पाच व्हिडिओ मशीन, दोन कॅमेरे, सोल्डरिंगचं सगळं सामान आणि सुट्या भागांचे डबे लाझार मिन्कोव यास द्यावेत. हा निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, माझा मित्र, आणि माझ्या प्रत्येक वाक्यात चूक काढणारा वाचक. माझा बारीक स्क्रू-ड्रायव्हर २०११ पासून त्याच्याचकडे आहे, म्हणून वेगळा देत नाही. तो नाही म्हणेल. त्याच्या टेबलाचा उजवा खण बघावा.

कलम ३. माझी वेबसाइट. २००२ साली सुरू केली, आज एकशे चाळीस पानं आहेत: मशीनचं हेड कसं पुसावं, बुरशी धरलेली टेप कशी वाचवावी, घरी काढलेलं चित्रीकरण संगणकावर कसं उतरवावं. निळ्यावर पिवळी अक्षरं आहेत. लाझार म्हणतो, "अरे, वाचताना डोळ्यांत कांदा पिळल्यासारखं होतं." होऊ दे. रंग बदलू नयेत. वेबसाइट लाझारने चालू ठेवावी आणि येणाऱ्या पत्रांना त्याच दिवशी उत्तर द्यावं. लिहिणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मेलेल्या माणसाची टेप असते. स्लिवेनच्या एका बाईंच्या मुलाचा शाळेतला नाच मी बुरशीतून सोडवून दिला. त्या दर ईस्टरला मला गोड पाव पाठवतात. मी तो खातो आणि मला लाज वाटते. का, ते पुढे येईल.

सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान आहे 'टेप उसनी देऊ नका'. त्यात लिहिलं आहे की माझ्या दिवंगत पत्नीची एकमेव टेप मेहुण्याने उसनी नेली, त्याच्या भंगार मशीनने ती चावली आणि त्याने ती फेकून दिली. हे पान वाचून लोकांनी मला धीराची शेकडो पत्रं लिहिली. गावात माझ्या मेहुण्याला, त्सोन्योला, 'टेपखाऊ' नाव पडलं. खानावळीत शिरला की कुणीतरी ओरडायचं, "आला रे टेपखाऊ, रेडिओ लपवा!" तो हसायचा आणि बसायचा.

कलम ४. ते पान खोटं आहे.

खरं असं आहे. १९९३च्या मे महिन्यात, रालित्साच्या तिसऱ्या वाढदिवशी, उसन्या कॅमेऱ्याने मी दोन तासांची कॅसेट पूर्ण भरली. जवळजवळ सगळीकडे नेवेनाच होती: केक कापताना, गाणं म्हणताना, पोरीला कोल्ह्याची गोष्ट सांगताना. त्यावर पुन्हा काही चढू नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी तिने स्वतः सुरीने मोडली. पुढच्या वर्षी, दहा जुलैला, फुटबॉलच्या विश्वचषकात आमच्या देशाची जर्मनीशी मॅच होती. अख्ख्या गावात कोरी कॅसेट शिल्लक नव्हती. असती तरी मी घेतली नसती. आमच्या गावाच्या कंजूषपणाचे विनोद देशभर सांगतात, ते काही उगाच नाही. मी मोडलेल्या पट्टीच्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि कॅसेट मशीनमध्ये घातली.

नेवेना बघत होती. म्हणाली, "माझ्यावर जर्मन चढवतोस होय रे?"

मी म्हणालो, "अगं, पुन्हा काढू तुझी."

"काढ. मी कुठे पळून चाललेय?"

मध्यंतरात मी रेकॉर्डिंग थांबवलं, टेप वाया जायला नको म्हणून. आम्ही जिंकलो. मी बनियनवरच रस्त्यावर धावलो, मशीन चालूच राहिलं. ते बंद केलं नेवेनाने. नोव्हेंबरात डोक्यातली नस फुटून ती गेली. मधल्या चार महिन्यांत मी कॅमेरा उसना आणला नाही. आणतो, आणतो म्हणत राहिलो.

रालित्सा नऊ वर्षांची झाली तेव्हा तिने विचारलं, "बाबा, आईची टेप कुठाय?" त्सोन्योने ती मॅच एकदा बघायला नेली होती, एवढंच मला त्या क्षणी सुचलं, आणि मी म्हणालो, "मामाच्या मशीनने चावली." पोरगी त्या दिवसापासून मामाशी बोलली नाही. मी बोलू दिलं नाही असं नाही. बोल असंही म्हणालो नाही. पुढे वेबसाइट काढली आणि तेच खोटं निळ्यावर पिवळं करून जगाला दाखवलं.

यंदा एप्रिलमध्ये त्सोन्यो गेला. त्याच्या दारावर त्याच्या फोटोचं शोकपत्रक अजून चिकटलेलं आहे. रालित्सा अंत्यविधीला आली नाही. मला फोनवर म्हणाली, "तुझ्यासाठी नाही येत, बाबा. त्याने तुझं काय केलं ते मी विसरलेले नाही." आणि मी म्हणालो, "बरं."

माझ्यानंतर लाझारने ते पान काढावं आणि हे कलम शब्दशः तिथे चढवावं.

कलम ५. (रविवार, चार जून, कलम ४ साक्षीदारांना वाचून दाखवल्यानंतर.) पहिला साक्षीदार लाझार, दुसरी पावलिना, त्सोन्योची विधवा. तिने सगळं ऐकलं. पेन उचललं नाही.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "मॅच बघून झाली, आम्ही टाळ्या वाजवत होतो, आणि शेवटी नेवेना आली पडद्यावर. तो म्हणाला, बघ, या गाढवाने काय केलंय."

"मग तो बोलला का नाही?" लाझारने विचारलं. मला विचारायचं धैर्य नव्हतं.

"मी रोज सांगायचे, जाऊन सांग पोरीला. तर म्हणायचा, आई तर गेलीच आहे तिची, आता बापही काढून घेऊ? मला काय, टेपखाऊ तर टेपखाऊ." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू मेल्यावर सांगणार होतास? का? ब्रनोला फोन लागत नाही? आधी पोरीला सांग. मग देते सही."

कलम ६. मी त्याच दिवशी फोन केला. रालित्साने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा दर वाढदिवसाला फोन करायचा. मी उचलायचे नाही. चोवीस वर्षं, बाबा." आणि तिने फोन ठेवला. मी खुर्चीत बसून रडलो. पावलिना उठून भांडी घासायला गेली, जवळ आली नाही. मी तिच्या जागी असतो तर घरातच थांबलो नसतो.

कलम ७. ती कॅसेट माझ्या कपाटात, मोज्यांच्या खणात आहे. लोकांच्या हजारेक टेपा मी संगणकावर उतरवल्या, ही उतरवली नाही. मॅचनंतर, टेपच्या अगदी टोकाला, नेवेनाचे अकरा सेकंद वाचले आहेत. ते दाखवले असते तर मॅचही दिसली असती, म्हणून मी ते पोरीपासून लपवले. टेप पुसणं ही चूक होती. हे मात्र मी जाणूनबुजून केलं, रोज केलं, आणि याची माफी मी मागत नाही, कारण ती द्यायला कुणी बांधील नाही.

कॅसेट रालित्साची. मॅच कापू नये. टेप जुनी झाली आहे, भरभर पुढे नेली तर तुटेल. सुरुवातीपासून सावकाश चालवावी, म्हणजे बापाने कशासाठी काय देऊन टाकलं ते सगळं तिला बसून बघावं लागेल. त्याला माझा इलाज नाही.

कलम ८. काल, शनिवारी, रालित्साचा फोन आला. 'कसा आहेस' विचारलं नाही.

"त्या अकरा सेकंदांत आई काय म्हणते?"

मी सांगितलं, "म्हणते, 'मला पुरे, पोरीला घे, ती बघ पळाली.' मग मी कॅमेरा तुझ्याकडे वळवला."

"म्हणजे आई किती दिसते?"

"चार सेकंद."

तिने 'चार' असं पुन्हा म्हटलं. मग म्हणाली, "तिचा आवाज कसा होता?"

"तुझ्यासारखाच," मी म्हणालो. "आत्ता बोलतेस ना, अगदी तसाच."

फोन तिने ठेवला की लाइन तुटली, मला कळलं नाही. मी 'हॅलो, हॅलो' म्हणत राहिलो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, त्यात खोटं आता काही उरलेलं नाही.

गाब्रोवो, रविवार, ११ जून २०२३
सही: मेतोदी राश्कोव

साक्षीदार:
१. लाझार मिन्कोव (स्क्रू-ड्रायव्हरबाबतचा मजकूर मला मान्य नाही. बाकी सर्व माझ्यासमोर वाचलं गेलं.)
२. पावलिना, त्सोन्योची पत्नी. मुलीला सांगितलं, म्हणून सही करते. माफ केलं म्हणून नाही.