टेबलावरची ठकठक

सर, काल तुमच्या विभागात तुमच्या स्मरणार्थ व्याख्यान झालं आणि ते द्यायला तिला बोलावलं, मला नाही. विस्कॉन्सिनच्या शेतावरून आलेली तुमची ती लाडकी विद्यार्थिनी, माझ्याच वर्गातली. केस पांढरे झाले, पण हसणं तेच. तुमचं सगळं आयुष्य तिने मांडलं: जर्मनीतली ती युद्धात छप्पर उडालेली शाळा, चर्चमधल्या जुन्या नोंदवह्या वाचत काढलेली तरुण वर्षं, मग शिकागो, आणि शेतमजुरांच्या इतिहासावरचा तो जाडजूड ग्रंथ, ज्याच्यापायी जर्मनीतल्या प्राध्यापकांनी तुम्हाला जवळजवळ वाळीत टाकलं. एकही चूक नाही. मी शोधत होते.

शेवटी म्हणाली, "सरांच्या देशात विद्यापीठात टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी टेबल वाजवतात. आमच्या वर्गात तो मान पहिल्यांदा मला मिळाला."

पहिल्यांदा तो मला मिळाला होता, सर. वर्गात माझा निबंध वाचून संपतो आणि तुमची पेरं टेबलावर वाजतात. आमच्या पुण्याच्या कॉलेजातले सर टेबल वाजवायचे ते 'पुरे, बसा' म्हणायला. मी ताडकन म्हणते, "झालंच आहे माझं. बसते." तुम्ही लालबुंद. माफीसुद्धा मागितलीत. पुढच्या आठवड्यात तिच्यासाठी टेबल वाजलं, तेव्हा शेजारच्या मुलाने मला त्याचा अर्थ सांगितला. माझ्यासाठी मात्र तुम्ही त्यानंतर कायम टाळ्याच वाजवल्यात, हलक्या हाताने, पाहुण्यांसाठी वाजवाव्यात तशा. मलाही टेबल हवंय, असं मी कधी म्हटलं नाही. मागून घेतलेल्या कौतुकात काय राम?

काल सगळ्यांनी तिच्यासाठी टेबलं वाजवली. मी टाळ्या वाजवल्या. हलक्या हाताने. बाहेर तिने मला मिठी मारली. "तुला माहितीये? सर तुला जाम घाबरायचे!"

"घाबरायलाच हवं होतं," मी म्हटलं आणि गाडीची किल्ली काढली.

आज सकाळी चहा उकळत होता. तिचं भाषण चांगलं होतं, सर. मला तसं जमलं नसतं. किचनच्या काउंटरवर मी दोनदा पेरं वाजवली. वरून मुलगी ओरडली, "आई, समवन ॲट द डोअर?"

"कोणी नाही."

पहिली ठकठक तिच्यासाठी होती. दुसरी माझी होती.