वालाची हिरवीगार पानं

पेण, १७ जानेवारी

प्रयोगशाळा म्हणते, वालावर रोग नाही. मग खांब गावच्या शेतात मी पाहिली ती पिवळी पानं? आईने जपलेलं हे बियाणं, दुसरीकडे कुठेच नाही. रोग लपवून हे बुडू द्यायचं आणि कंपनीचं बियाणं खपवायचं असेल या प्रयोगशाळावाल्यांना... शेवटी शेत बघणाऱ्या सुमनला फोन केला. "नमुन्याला पानं कुठली तोडलीस गो?"

"हिरवीगार बघून तोडली, ताई. मोठ्या लोकांकडं पाठवायची, डागाळलेली कशी देऊ? नावं नाय ठेवणार?"

हसूच आलं. शाळेत सिस्टर तपासणीला यायच्या तेव्हा आम्हीही फाटका मोजा लपवायचो. पण आता दुसरंच डोक्यात घोळतंय. "दोनचारच रोपं पिवळी हायत," असं सुमन रोज सांगते. तेही मला बरं वाटावं म्हणून? उद्या स्वतः जाते.