तिबोचा डोळा

१२ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो. एकोणीस-सोळा. सगळे नाचले. मी नाही.

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. रग्बीचा सामना संपत आलेला. गड्यांच्या ढिगाऱ्यात चेंडू खाली, त्यावर त्यांचा दोन नंबरचा गडी आडवा. सोडेना! दिवसभर त्याने माझा शर्ट धरून ठेवला होता, आणि पंचाला एकदाही दिसू दिलं नाही. वर आठ-दहा जण. रेजिस — आमचा कप्तान — माझ्या पाठीवर पडून कानात ओरडला, "काढ त्याला! कसाही काढ!" मी हात घातला. हनुवटी लागली. मग नाक. मग बोटं वर नेली. मी नेली. आपोआप गेली नाहीत.

मऊ लागलं.

तो ओरडला ते माणसासारखं नव्हतं. चेंडू सुटला. आमचा झाला. त्यावरच शेवटचे तीन गुण.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कारखान्यात बदकं. पोट उघडायचं, बोटं आत घालून साफ करायचं, पुढे ढकलायचं. दोन वर्षं हेच करतोय. आज बोटं आत घालवेनात. दोन-दोन हातमोजे चढवले. शेजारचे हसले — "काय रे, कालपासून नाजूक झालास?"

दुपारी काझनावसाहेब खाली आले. कारखाना त्यांचा, क्लब त्यांचा, मी राहतो ती खोलीही त्यांचीच. माझं नाव घेऊन पाठीवर थाप. "केली, काय खेळलास! बैल आहेस, बैल!" मग जाता जाता म्हणाले, "त्यांचा तो पोरगा शहरातल्या दवाखान्यात आहे म्हणे. चालायचंच. खेळ आहे."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नाव कळलं. तिबो लाबादी. तेवीस वर्षांचा, माझ्याहून एकाने लहान. पलीकडच्या गावात वायरमन आहे. घरोघरी वीज जोडतो. डावा डोळा. दोनदा शस्त्रक्रिया केली. दिसत नाही.

आईचा फोन. तिकडे फिजीत शुक्रवार उजाडला होता. "केली, पाद्री रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले, शाळा सोडून पळालेलं पोरगं, पण फ्रान्समध्ये गावाचं नाव काढतंय!" मी म्हटलं, हो आई. "आवाज असा का रे?" म्हटलं, थंडी आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

त्यांच्या क्लबने तक्रार केली. पुढच्या बुधवारी शिस्त समितीपुढे जायचं. आज साहेबांच्या खोलीत मला आणि रेजिसला बोलावलं होतं.

साहेब म्हणाले, "कुणाच्या तरी मोबाइलवर चित्रण आहे. नुसत्या पाठी दिसतात. काळजीचं कारण नाही."

रेजिस म्हणाला, "ढिगाऱ्यात दहा जण होते. कुणाचा हात कुणाला माहीत! एवढंच बोलायचं."

मी म्हटलं, "पण हात माझा होता."

साहेबांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे फिरवला. "वाचता येत नसेल तर मी वाचतो. हे दोन रकाने बघ. नकळत लागलं — काही आठवडे बाहेर. जाणूनबुजून — चार वर्षांपर्यंत. चार वर्षं करशील काय? बदकं? बदकंसुद्धा माझीच आहेत, बाळा."

बाहेर आल्यावर रेजिसने सिगारेट पेटवली. वाईट माणूस नाही तो. पहिल्या हिवाळ्यात त्याने मला त्याचा कोट दिला होता. "वेड्या, माझ्याही डोळ्यात बोटं घातलीत लोकांनी. माझ्या बापाच्यासुद्धा. खाली जे होतं ते खालीच राहतं. म्हणून तर हा खेळ इतकी वर्षं चालला."

२९ ऑक्टोबर, बुधवार

समितीत तीन माणसं. मधे पांढऱ्या आखूड केसांच्या बाई, पूर्वी पंच होत्या म्हणे. समोरच्या खुर्चीवर तिबो. डोळ्यावर पांढरी पट्टी. पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढे केला आणि ग्लासाच्या बाजूलाच पडला हात. दुसऱ्यांदा सापडला.

बाईंनी मला विचारलं, "हात तुमचा होता का?"

"मला माहीत नाही."

मग तिबोला विचारलं, "तुम्ही हात ओळखाल?"

तो म्हणाला, "हात दिसला नाही, मादाम. दिसणार कसा? डोळ्यातच होता."

कोणीतरी हसलं.

पुरावा नाही. प्रकरण बंद. गाड्यांपाशी रेजिसने मला उचलून गोल फिरवलं. तिबो त्याच्या क्लबच्या गाडीत बसत होता. डोकं दाराला आपटलं त्याचं.

३० ऑक्टोबर

मला माहीत नाही म्हणालो. मला माहीत आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

खेळलो. खेळलो कसला! ढिगाऱ्यात हात पुढे जाईना. रेजिस चिडला. "हात खिशात घालून आलायस? सासुरवाडीला आलायस काय पाहुणचाराला?"

पण ते नाही लिहायचं. लिहायचं ते हे — उत्तरार्धात समोरच्या एका पोरावर मी पडलो. नुसता पडलो. तर त्याने चेंडू सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. समिती सोडून सगळ्यांना!

आमच्या लोकांनी बाकांवरून माझं नाव घेऊन गाणं म्हटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सेवामामांकडे गेलो. सख्खे नाहीत. आईच्या बेटावरचे, म्हणून मामा. वीस वर्षं फ्रान्सच्या फौजेत होते, आता सुपरमार्केटच्या दारात उभे असतात. मी सगळं सांगितलं. मामांनी प्यायला यंगोना, मुळांच्या भुकटीची, कालवायला घेतली होती, ती तशीच ठेवून दिली. हात पुसले.

"किती दिवस झाले?"

"चोवीस."

"चोवीस!" मामा म्हणाले. "गावात असतास तर सूर्य मावळायच्या आत त्यांच्या दारात बसला असतास. तुझ्या बापाच्या बाजूची माणसं! पाय पळायला शिकतात, डोकं घरीच राहतं."

खरं आहे. माझ्या काकाने एकदा शेजारच्या गावच्या माणसाचा जबडा मोडला होता. त्याच संध्याकाळी आजोबा देवमाशाचा दात घेऊन गेले. आमच्याकडे दात नेऊन, मान खाली घालून बसायचं. कबूल करायचं. वर बघायचं नाही. त्यांनी दात हातात घेतला की गोष्ट पुरली गेली. पुन्हा कुणी उकरायची नाही.

मामांकडे एक दात आहे. कपाटात, निळ्या कापडात. त्यांच्या आजोबांचा. तो माझ्यासाठी काढतो म्हणाले! "रविवारी मला सुट्टी आहे. दोघं जाऊ. बोलणारा माणूस लागतो, आपल्या तोंडाने आपली माफी मागत नाहीत. आणि तुझी फ्रेंच बदकांपुरतीच आहे."

मी म्हटलं, दात मी आजच नेऊन ठेवतो माझ्याकडे. मामांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग दिला.

८ नोव्हेंबर, शनिवार

मला थांबता आलं नाही. कधीच येत नाही. आज एकटाच गेलो.

लाबादींचं घर गावाच्या टोकाला, दारात आलुबुखाराचं झाड. घंटा वाजवली आणि पायपुसण्यावर बसलो. मांडी घालून, मान खाली, दात निळ्या कापडासकट दोन्ही हातांवर. दार उघडलं. बायकांच्या घरातल्या सपाता दिसल्या. मी आमच्या भाषेत बोललो, कारण ते शब्द दुसऱ्या भाषेत मला येत नाहीत. आजोबा बोलले होते तेच. माझा हात होता. मी जाणूनबुजून केलं. आमचं तोंड तुमच्यासमोर मातीत आहे. हे घ्या आणि पुरून टाका.

सगळं म्हटलं. एक शब्द सोडला नाही.

"अरे देवा, उठ रे बाबा, फरशी किती गार आहे!" तिबोची आई म्हणाली. "तिबोसाठी आणलंस? तू त्याच्याच क्लबातला ना, बेटावरचा? किती जड आहे! हस्तिदंत का रे हे?" आणि तिने दात हातात घेतला.

घेतला!

मी वर बघितलं. ती रडत होती आणि हसत होती. "तो झोपलाय. पण सांगते हं मी. त्या दुसऱ्या क्लबातलं कुत्रंसुद्धा विचारायला आलं नाही, आणि तू एवढ्या लांबचा…" आत गेली, आणि आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी माझ्या हातात दिली. गालाचे दोन मुके घेतले.

मी फ्रेंचमध्ये आभार मानले. मेर्सी म्हणालो. मुरंब्यासाठी मेर्सी!

बरणी समोर आहे. झाकणावर तिच्या अक्षरात साल लिहिलंय.

९ नोव्हेंबर, रविवार

मामा इतके चिडतील वाटलं नव्हतं. "गाढवा! माझ्या आजोबांचा दात तू तिला भेटवस्तू म्हणून दिलास!"

"मी सगळं बोललो मामा."

"कुणाला बोललास? पायपुसण्याला?"

मग म्हणाले, "घेतला ना पण हातात? घेतला म्हणजे घेतला. रीत रीत असते. संपलं समज."

मी म्हटलं, काय घेतेय ते तिला माहीत नव्हतं.

मामांनाही ते माहीत होतं.

११ नोव्हेंबर

मुरंबा उघडला नाही. फेकताही येत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मामांनी कामावर खाडा केला. दोघं बसने शहरात, समितीच्या ऑफिसात. त्याच बाई होत्या.

"तुमचं प्रकरण बंद झालंय," त्या म्हणाल्या.

"उघडा."

"वकील आणलाय?"

"नाही. मामा आणलाय."

त्या हसल्या नाहीत. कागद घेतला. मी आमच्या भाषेत बोलत गेलो, मामा फ्रेंचमध्ये सांगत गेले. बाईंनी विचारलं, नकळत की जाणूनबुजून? मी मामांना थांबवलं आणि स्वतः म्हटलं. जाणूनबुजून. हा फ्रेंच शब्द साहेबांच्या त्या कागदामुळे मला आला.

"का केलंत?"

"चेंडू पाहिजे होता."

बाईंचं पेन थांबलं. "एवढंच?"

"एवढंच."

"कुणी सांगितलं होतं?"

रेजिस 'काढ' म्हणाला होता. 'डोळा' म्हणाला नव्हता. मी म्हटलं, बोटं माझी.

मग म्हटलं, दाताचंही लिहा. दात म्हणजे काय तेही लिहा. तिच्या हातात आहे पण तिला माहीत नाही. बाई म्हणाल्या, असलं आम्ही लिहीत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, सांगा. अर्धं पान लिहिलं त्यांनी. म्हणाल्या, "याची नक्कल त्या मुलाकडे जाणार. चालेल?"

म्हटलं, त्यासाठीच आलोय.

परतताना मामा म्हणाले, "आता दात परत पाठवला तर? माहीत असून?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. नुसते काळे नांगरलेले मळे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन वर्षं बंदी. जगात कुठेही नाही, गावच्या मैदानावरसुद्धा नाही.

क्लबने करार मोडला. काझनावसाहेबांनी स्वतः सांगितलं नाही, माणूस पाठवला. कारखान्यातलं काम आजपासून बंद, खोली महिनाअखेरपर्यंत. करार नाही म्हणजे इथे राहायचा परवानाही नाही. दोन डिसेंबरचं विमान.

रेजिस रस्त्यात भेटला. "ढिगाऱ्यात दिवा लावलास! शाबास! आता आमच्या प्रत्येकाच्या बोटांकडे बघत बसतील." कोट परत देऊ का, म्हणून मी काढायला लागलो. तो थुंकला आणि गेला. थुंकला रस्त्यावर, माझ्यावर नाही.

तीन वर्षांनी मी सत्तावीसचा. त्याचा डोळा किती वर्षांनी? कुठल्याच रकान्यात नाही ते.

आईला सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मामा म्हणाले, नक्कल जाऊन आठ दिवस झाले. दात आला नाही. म्हणजे ठेवलाय त्यांनी. आता माहीत असून ठेवलाय!

मी म्हटलं, खरंच?

मामांनी यंगोना कालवली. पहिल्यांदाच पूर्ण वाटी प्यायलो. मग खोलीवर येऊन बरणी उघडली. पाव नव्हता. बोटानेच खाल्ला. गोड आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बुटाच्या खोक्यातून दात आला. मामांच्याच निळ्या कापडात. कापड धुऊन इस्त्री केलंय. चिठ्ठी तिबोची, ओळी खाली घसरत गेलेल्या.

"आईला ठेवायचा होता. ती म्हणते, पोरगं थंडीत फरशीवर बसलं होतं. पण डोळा माझा आहे."