दहाच्या दहा

सर, तुमच्या त्या प्रयोगात मी दहाच्या दहा चिठ्ठ्या का देऊन टाकल्या, हे तुम्ही मला कधी विचारलं नाही. गरजच नसेल. मी कोणासाठी वेडा झालोय हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे की नाही, एवढंच मला कळत नव्हतं.

कॉलेजच्या वरच्या खोलीत तुम्ही टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांचे आडोसे उभे केले होते. अर्थशास्त्राची प्रयोगशाळा म्हणायचे तुम्ही, आणि केमिस्ट्रीचे सर हसायचे. मी अजून तिथेच बसलेला असतो, सर. समोर पुठ्ठा, हातात कँटीनच्या दहा चिठ्ठ्या. एका चिठ्ठीला एक आलुबोंडा, खर्च तुमचा. त्यातल्या किती पलीकडच्या माणसाला द्यायच्या ते कागदावर लिहायचं. तो हो म्हणाला तर तशी वाटणी, नाही म्हणाला तर दोघांचेही हात रिकामे. पलीकडे कोण, हे कोणालाच कळणार नाही, असा तुमचा शब्द. "पुस्तकातला माणूस एक देते अन् नऊ ठेवते," तुम्ही सांगता, "पण तो पांढरकवड्यात राहत नाही. इथं कोण राह्यते ते पाहू." सरावाच्या डावात कॉलेजच्या शिपाई मावशी माझा कागद उचलून नेतात. त्यांच्या चपला दोन आडोसे सोडून थांबतात, आणि तिथून खोकला येतो. त्या आठवड्यात तिला सर्दी होती. खऱ्या डावात मी दहा लिहिले.

संध्याकाळपर्यंत कँटीनच्या दाराशी उभा राहिलो. तिने मैत्रिणींसोबत एक चहा घेतला, चिठ्ठी एकही काढली नाही, आणि बस पकडून गेली. मग मी तुमच्या खोलीत घुसलो.

"कोणाले गेल्या माह्या चिठ्ठ्या?"

"ते मी सांगत नसतो."

"दिल्या कोणं? म्याच न? मंग मले माहीत नको?"

तुम्ही चष्मा पुसत होता. "जोड्या दर डावाले बदलतात. फळ्यावर लिहून होतं, पाह्यलं नाही तू. अन् तिलेच द्याच्या होत्या, त हातात नेऊन द्याच्या होत्या लेका. तेवढी हिंमत नाही, अन् माह्यावर भडकून राह्यला!"

मी जाताना तुमचे चार आडोसे फाडले. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला आलो नाही. सरांनी अपमान केला, असं घरी सांगितलं.

आता हायवेवर मामाच्या स्पेअरपार्टच्या दुकानात बसतो. परवा एका ड्रायव्हरला न मागताच भाव कमी केला, तर तो माल ठेवून निघून गेला. "खोटा माल असन, म्हणून सस्ता देऊन राह्यला." मला इतकं हसू आलं, सर, आणि मग इतकं वाईट वाटलं. ही गोष्ट ऐकून ताडकन वही काढणारा माणूस अख्ख्या तालुक्यात उरला नाही. ती पुसदला नोकरीला लागली म्हणतात. तिची आठवण येते, पण असं काही घडलं की आधी तुम्हीच आठवता.

तुम्ही एकदा दुकानावर आला होता. स्कूटर उन्हातच लावलीत, काउंटरवर दोन्ही हात टेकवलेत आणि हळूच म्हणालात, "आजवर कोणाले सांगतलं नाही. तुले सांगतो नाव. मंग तू परीक्षेचा फॉर्म भर." अख्ख्या वर्गाला दिलेला शब्द माझ्या एका वर्षासाठी मोडायला निघाला होता तुम्ही. मी तुमच्याकडे पाहिलंही नाही. "गिऱ्हाईक आहे, सर. मंग या." तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. त्याच हिवाळ्यात तुम्ही वारलात. चार वर्षं झाली. हे लिहून कुठे टाकणार? घरच्यांनाही सांगितलेलं नाही, ते इथे लिहून ठेवतो.

दुकानात त्या दुपारी कोणीच नव्हतं, सर. तुम्ही दुसरंच नाव सांगाल, याची मला भीती वाटली.